न चाखलेली जेली
माझी थोरली जाऊ राजमती. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. सांगलीत आमची दारं शेजारी शेजारी, त्यामुळं भांडण बारा महिने. पण तिच्या हातच्या पेरूच्या जेलीपुढं मी गप्प बसायची. पेरू शिजवून फडक्यात बांधायचे आणि रस आपसूक गळू द्यायचा. मी एकदा घाईनं फडकं पिळलं, तर हातावर चापट बसली. "पिळलं की गढूळ हुती," म्हणाली. मग साखर, लिंबू, दालचिनीचा तुकडा आणि मोजून चार लवंगा.

गेल्या थंडीत तिच्या मालकांना, सुकुमारदादांना, घशाचा कॅन्सर निघाला. औषधांनी तोंड आतून सोलून निघालं, जेवण तुटलं. जेली तेवढी उतरायची. चार चमचे पोटात गेले की आक्का दिवसभर बरी असायची. त्यातच ती बस्तीत जैन मुनी महाराजांपुढं नेम घेऊन आली, की मालक बरे होईपर्यंत साखर वर्ज्य. मला लय राग आला.

"तू साखर सोडलीस म्हणून दुखणं जाणार हाय व्हय?"

तेव्हापासून जेली झाली की चव मी बघायची.

जानेवारीत पाचगणीला माझी लेक पडली, पाय मोडला. मला जावंच लागलं. तीन आठवड्यांनी फोन आला, दादा गेले.

परत आले तर आक्का भिंतीला टेकून बसलेली. तिला दूध द्यावं म्हणून मी फ्रिज उघडला. आत जेलीची बाटली होती, अर्धी संपलेली. सवयीनं बोटावर घेऊन चाखली आणि जीभ पोळली. नुसती लवंग आणि मिरपूड. माझ्या धडधाकट तोंडाला सोसवेना.

मी बाहेर येऊन साधंच विचारलं, की जेलीत या वेळी काय घातलंस?

"ते म्हणायचे, तोंडाला चवच न्हाई. म्हणून लवंग दुप्पट केली, मिरीबी घातली. मला चाखता येईना, अंदाजानंच केली. पण खाल्ली हं त्येंनी, रोज. खाताना डोळ्यांत पाणी यायचं. इतकी आवडली हुती."

मी आत जाऊन तिचं दूध गरम करायला ठेवलं.

सुतक फिटल्यावर तिची लेक प्रीती म्हणाली, "आई, ज्यांच्यासाठी नेम केलास तेच राहिले नाहीत. आता गोड खा." बाकीच्यांनीही लावून धरलं. आक्का बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "खाते. पण त्येंची जेली खाते. आन गं, प्रीती."

प्रीतीच्या आधी मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन बाटली बेसिनमध्ये उपडी केली, नळ सोडला, आणि रिकामी बाटली घेऊन बाहेर आले.

"संपली. मी खाल्ली."

"सगळी?"

"भूक लागली होती."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं तसं कुणी कुत्र्याकडंही बघत नसेल. आक्का हळू आवाजात म्हणाली, "येक चमचा तर ठेवायचास गं माझ्यासाठी."

पाच महिने झाले. ती माझ्याशी बोलत नाही. साखरही खात नाही. गल्लीत मला खादाड म्हणतात, आणि मी ऐकून घेते.