चौघांत एक कॉम्प्युटर

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. एका वस्तूत चौघांचे पैसे आणि घरच्यांसकट अख्ख्या आळीची मतं अडकली, की ते आपोआप साचत जातात. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे गेमिंग कॉम्प्युटर. मेडिकलच्या काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की मी एखादा किस्सा सांगायला घेतो आणि ऐकणारा हमखास विचारतो, "खरंच का रे?" खरंच! एवढं मनानं रचायची माझी कुवत नाही.

आम्ही चौघं शाळेपासूनचे. गाव मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत. बाळू मुरबाड–कल्याण जीप चालवतो. दिनेश वायरमन. जयू शहापूरला पतपेढीत. आणि मी विलास, मुरबाडला मेडिकल स्टोअरमध्ये. कामाला लागल्यावर आमच्या भेटी कुणाच्या तरी हळदीला व्हायच्या, त्याही डीजेच्या आवाजात. मोबाइलवर गेम खेळायचो, पण ज्याच्या त्याच्या घरात बसून.

एक दिवस जयू म्हणाली, "चौघांत एक चांगलं मशीन घेऊ. एक जण खेळंल, तिघं बोंबलतील. एका घरात तरी बसू!"

एकट्यानं घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून नियम असा ठरला, की ज्यानं त्यानं एकेक पार्ट घ्यायचा आणि ज्याचा पार्ट त्याचा. हा नियम पुढे आम्हाला फार महागात पडला.

*

पार्ट वाटून घ्यायला शाळेच्या ओट्यावर बसलो. बाळूनं बसायच्या आधीच जाहीर केलं, "ग्राफिक कार्ड माझं!" गेममधलं चित्र पळवणारा पार्ट तोच, म्हणजे सगळ्यात मानाचा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड माझ्याकडे आले. रॅम, हार्ड डिस्क आणि मॉनिटर जयूकडे. उरलं काय, तर कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय. म्हणजे पत्र्याची पेटी आणि तिच्यात करंट सोडणारा ठोकळा. ते कुणालाच नको होतं. गावात विचारलं तर काय सांगणार?

शेवटी दिनेश म्हणाला, "मी घेतो. पण सप्लाय चांगलाच घेणार, स्वस्तातला नाय."

"त्याच्यावर कशाला खर्च?" बाळू म्हणाला. "तो दिसतो तरी का कुणाला?"

"तुझ्या जीपचा ब्रेक दिसतो का?"

मग दिनेशनं उरलेल्या पैशात बसेल अशी साधी, काळी, बिनलाइटची कॅबिनेट आणली. तेव्हा बाळूनं जीप सजवताना उरलेली लाल-हिरव्या लाइटची पट्टी आणून तिला चिकटवली. लाइट नाही तर गेमिंग कसलं! आमचं मशीन सुरू झालं की गणपती बसल्यासारखं वाटायचं.

*

नवं ग्राफिक कार्ड बाळूच्या आवाक्यात नव्हतं. कल्याणला एक जण सेकंड हँड विकत होता, तिकडे आम्ही दोघं गेलो. मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो. पंखा बघायचा, स्क्रू बघायचे, चालवून बघायचं. बाळूनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं कार्ड हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि नाकाला लावलं.

"लय पळवलंय हे."

विकणारा दुखावला. "अरे भाई, माझ्या बहिणीच्या पीसीमध्ये होतं. ती फक्त प्रोजेक्ट टाइप करायची. गेम तर एकपण नाही!"

बाळूनं माझ्याकडे बघितलं आणि असा हसला की मला वाटलं सौदा मोडला.

"जुनी जीप विकताना मी पण हेच सांगतो. डॉक्टरची गाडी हाय, फक्त दवाखान्यात जायची!"

विकणाराही हसला आणि भाव तिथंच खाली आला. कार्ड अजून ठणठणीत आहे, ते मात्र मान्य करायला हवं.

*

मॉनिटर आणायला जयू कल्याणला गेली. येताना बाळूच्याच जीपमध्ये बसली. टपावर ठेवला तर फुटेल, म्हणून खोका शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्या सीटचं भाडं भरलं. मैत्री असली तरी बाळू भाडं सोडत नाही.

जीप भरली, निघणार तेवढ्यात सुकटीची पाटी घेऊन एक आजी आली.

"त्यो खोका टपावर टाक रे. मी बसते."

"नाय आजी. त्याचं भाडं भरलंय."

आजीनं जरा विचार केला. "मंग त्याला माझ्या मांडीवर दे. त्याच्या जागंवर मी बसते!"

बाळूला तर आणखी एक भाडंच मिळत होतं. पाटी गेली टपावर आणि मॉनिटर मुरबाडपर्यंत आजीच्या मांडीवर आला. तिनं त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. वाटेत एका खड्ड्यात जीप आपटली तशी आजी बाळूवर ओरडली, "हळू चालव रे मेल्या, पोराला लागंल!"

*

कॉम्प्युटर ठेवायचा कुठं, यावर वाद झालाच नाही. बाळूच्या घरी. स्लॅबचं घर, पाणी गळत नाही आणि बाळूची आई आहे. आम्ही तिला काकी म्हणतो. दिनेशचे आईबाप पूर्वी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. तेवढे महिने दिनेश काकीकडेच जेवायचा आणि बाळूशेजारी झोपायचा. त्यामुळे ते घर बाळूचं जास्त की दिनेशचं, हे सांगणं कठीण होतं.

काकीनं मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्या दिवसापासून आम्हाला शिव्या द्यायला सुरुवात केली. "किती वेळ खेळाल? डोळे जातील! लाइटबिल कोण भरंल?" रविवारी दुपारी बसलो की तासाभरात ती मेन स्विचकडे जायची. आम्ही पाया पडायचो तेव्हा थांबायची.

मग थंडी पडली. काकीच्या कोंबडीनं पिल्लं काढली होती. एका रविवारी गेलो तर कॅबिनेटच्या मागं, जिथून गरम वारा येतो ना, तिथं टोपली ठेवलेली आणि टोपलीत सगळी पिल्लं गोळा होऊन डोळे मिटून बसलेली. हा शोध काकीनं एकटीनं लावला होता.

आम्ही खेळलो, हरलो आणि कंटाळून उठलो. बाळूनं मशीन बंद करायला हात नेला तोच स्वयंपाकघरातून काकी धावत आली.

"बंद नको करू! खेळा रे अजून थोडा वेळ, पिल्लं गारठतील!"

त्या थंडीत आमचा गेम जेवढा सुधारला तेवढा नंतर कधी सुधारला नाही.

*

काकीची आणखी एक सवय. तिच्या घरातून कुठलंही भांडं रिकामं परत जात नाही. वाटीतून साखर नेली तर वाटीतून चटणी येणार. हे तसं आमच्याकडे सगळेच पाळतात, पण काकीला भांडं कशाला म्हणायचं याची हद्द नाही.

एकदा मी हेल्मेट तिच्याकडे विसरलो. दुसऱ्या दिवशी बाळूनं ते दुकानात आणून दिलं. मालकासमोर मी हेल्मेट उचललं आणि त्यातून काकड्या काउंटरवर घरंगळल्या!

संध्याकाळी मी काकीला म्हटलं, "काकी, हेल्मेट होतं ते!"

"मंग? रिकामं कसं देऊ?"

*

आता तो नियम. ज्याचा पार्ट त्याचा.

मशीन आल्यापासून आमचं भांडण झालं की रुसलेला माणूस आपला पार्ट काढून घरी न्यायला लागला. जयूला कुणी "तुझ्यामुळं हरलो" म्हटलं की ती रॅम काढून पर्समध्ये टाकायची आणि शहापूरला कामाला निघून जायची. मी एकदा प्रोसेसर काढून आणला होता आणि तो गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला होता. दोन दिवसांत राग जायचा, पार्ट परत बसायचा. आमच्यात काय चाललंय हे गावाला मशीनवरून कळायला लागलं. वाटेत कुणीही विचारायचं, "काय रे, आज कुणाचा पार्ट घरी?"

आम्हीही हसायचो. दिनेश आणि बाळूचं भांडण होईपर्यंत हसायचो.

*

झालं ते एवढ्याशावरून. बाळूला मोठं, जास्त करंट खाणारं कार्ड घ्यायचं होतं. दिनेश म्हणाला, आपला सप्लाय ते ओढणार नाही. बाळू म्हणाला, मग सप्लाय बदल. शब्दाला शब्द वाढला आणि दिनेश बोलून गेला, "तुझ्या घरात ठेवलाय म्हंजे तुझा झाला का?"

बाळू म्हणाला, "माझ्या घराची एवढी अडचण हाय तर येतोस कशाला? आजचा येतोस का? लहानपणापासून येतोस!"

काकी दारातच उभी होती. दिनेशनं स्क्रू काढले, सप्लाय ओढून काढला, पिशवीत घातला आणि गेला.

दोन दिवस झाले, दोन आठवडे झाले. बाळू दिनेशच्या घरावरून जीप नेईनासा झाला. दिनेश मुरबाडला एसटीनं जायला लागला, तासभर उभा राहून. जयूनं दोघांना फोन करून झापलं, उपयोग शून्य. मला मनापासून भीती वाटायला लागली. मशीन गेलं तर जाऊ दे, पण हे दोघं तुटले तर आम्ही चौघं म्हणून काही उरणार नव्हतं. रविवारी दुपारी मी उगीच गावात भटकायचो.

आणि मग दिनेशचा निरोप आला. "बाळूकडून माझी कॅबिनेट घेऊन ये."

मी गेलो. बाळूनं निरोप ऐकला आणि सगळे पार्ट काढून कॉटवर मांडले. लाल-हिरव्या लाइटची पट्टीसुद्धा उपटली. कॅबिनेट माझ्याकडे सरकवली आणि जीप काढून निघून गेला. माझे पार्ट मी पेपरात गुंडाळले. कुणाच्या तरी वाटण्या होताना साक्षीला बसल्यासारखं वाटत होतं.

कॅबिनेट उचलली तोच काकी आली.

"ती पेटी दिन्याची ना?"

"हो."

"रिकामीच नेतोस?" म्हणून तिनं ती हातातून घेतली आणि आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी मनात म्हटलं, काकड्या. बाइकला बांधली आणि निघालो.

दिनेशच्या घरी त्याची आई दारात तांदूळ निवडत होती. दिनेशनं कॅबिनेट उचलली आणि थांबला. आत काहीतरी हललं. त्यानं पत्रा सरकवला. आत काकीच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. सोडलं तर वर तांदळाच्या पापड्या आणि पापड्यांच्या खाली, नीट मधोमध ठेवलेलं, बाळूचं ग्राफिक कार्ड.

"बाळूला ठाऊक हाय का?" दिनेशनं विचारलं.

"मला नाय वाटत," मी म्हटलं.

तो कार्डाकडे बघत राहिला. त्याच्या आईनं पापड्या डब्यात भरल्या, फडक्याची घडी केली आणि त्याच्यापुढे धरली.

"हे काकीचं हाय. परत देऊन ये."

"विल्याकडं दे."

"कुणाकडं पण दे. पण रिकामं नाय जायचं, सांगून ठेवते."

दिनेश घरभर नजर फिरवत उभा राहिला. मग स्टुलावर चढला, माळ्यावरून पिशवी काढली आणि पॉवर सप्लाय त्या फडक्यात बांधला. वायरी काही मावेनात, त्या बाहेरच लोंबत राहिल्या. कार्ड परत कॅबिनेटमध्ये ठेवलं, मला मागं बसवून कॅबिनेट माझ्या मांडीवर दिली आणि माझ्या बाइकला त्यानंच किक मारली.

बाळू अंगणात जीप धुत होता. आम्हाला बघून त्यानं पाइप खाली ठेवला. दिनेश समोर जाऊन उभा राहिला आणि गाठोडं पुढे केलं.

"ह्यात काय हाय?"

"तुझ्या आईचं फडकं."

बाळूनं लोंबणाऱ्या वायरींकडे बघितलं. मग दिनेशकडे. पाइपातलं पाणी अंगणभर वाहत होतं, ते बंद करायचं कुणालाच सुचेना.

आतून काकीचा आवाज आला. "कोण आलाय रे?"

"दिन्या."

"मंग बाहेर काय उभे राहिलात? पिल्लांची टोपली उचला तिथून, मशीनला जागा करा!"