साळ्याचं वजन आणि माझी कंबर

सासुरवाडीत जावयानं तोंड उघडण्याआधी विचार करावा, कारण तिथं त्याचं बोलणं कोणी खोडत नाही. हे मला लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं.

वलगावला सासऱ्यांच्या शेतात फुलकोबी तोलायचा काटा आहे. अकोल्याहून तिथं गेलो असताना मी साळ्याला त्यावर उभं केलं. ब्याऐंशी किलो. मग मी चढलो. चौसष्ट. उंची दोघांची सारखीच, एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. किलोला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की बीएमआय निघतो. त्याचा एकोणतीस, माझा पावणेतेवीस. मोबाइलवर हिशेब करून मी निकाल दिला, "तू लठ्ठ. मी नॉर्मल."

हा गडी रोज फुलकोबीची पोती पाठीवरून टेम्पोत चढवतो आणि संध्याकाळी आखाड्यात जोर काढतो. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. पण जावयाचा शब्द! त्यानं भाकर सोडली.

पंधरा दिवसांनी सासूबाईंचा बायकोला फोन आला. "काकडीवर जगून राहिला वो तो. आज पोतं घेऊन मटकन खाली बसला." ऐन तोडणीचे दिवस, आणि पोती उचलणारा घरात तो एकटा.

बायकोनं लगेच डॉक्टरांची वेळ घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला डॉक्टरांसमोर होतो.

त्यांनी साळ्याची कंबर मोजली, ऐंशी सेंटिमीटर. रक्तदाब, साखर, सगळं झकास. "काहून उपाशी मरून राहिला रे? हे मांस आहे, चरबी नाही. काट्याले वजन कळते, ते कशाचं आहे हे नाही कळत. पुष्कळ लोकांसाठी बीएमआय ठीक आहे, पण कसलेल्या अंगाले तो फसते. लठ्ठ कोण म्हणे तुले?"

साळ्यानं भोळेपणानं माझ्याकडे बोट दाखवलं. "भाऊजी. ते नॉर्मल आहेत."

डॉक्टरांनी टेप माझ्याभोवती फिरवली. मी श्वास आत ओढला. त्यांनी तो सुटेपर्यंत शांतपणे वाट पाहिली. सत्त्याण्णव. "उंचीच्या अर्ध्याच्या आत पाहिजे, म्हणजे चौऱ्याऐंशी." साखरही काठावर निघाली. हातपाय काड्या, ऐवज सगळा मध्यभागी. काट्याला तो दिसला नव्हता.

वलगावला परतल्यावर साळ्यानं बसल्या बैठकीला चार भाकरी हाणल्या. माझ्या ताटात बायकोनं अर्धी ठेवली.

"बाप्पा, जवायाले अर्धीच?" सासूबाई टोपलं घेऊन धावल्या.

माझं बोलणं खोडणारं त्या घरात एकच माणूस, माझी बायको. ती म्हणाली, "राहू दे माय. नॉर्मल माणसाले तेवढी पुरते."