मांडीखालचे हात

आप्पा गेले त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होते. आमच्या चाकणच्या कंपनीत लाइनवर फोन नेता येत नाही. सुपरवायझर स्वतः चालत माझ्या टेबलापर्यंत आला आणि "ताई, तुम्ही घरी जा," एवढंच म्हणाला. मला कळलंच. दिघीला पोचले तेव्हा खालच्या खोलीत बायका जमल्या होत्या. आप्पा, म्हणजे माझे सासरे, कॉटवर बसल्या बसल्याच कलंडले होते. माझ्या नवऱ्याने, संतोषने, त्यांना सरळ निजवलं होतं, पण डावा हात अजून तसाच मांडीखाली दबलेला होता. "हात काढून घ्या गं, नंतर आखडतो," शेजारच्या मावशी म्हणाल्या. कोणी पुढे होईना. तो हात तिथे का आहे, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं... संतोषला, मला आणि आमच्या लेकीला, सईला.

या गोष्टीला महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाचे गुण तेवढे आठवावेत अशी आपल्याकडची रीत आहे. आप्पांचे गुण मला आठवतात, भरपूर आठवतात. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो झाकून मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

आप्पा दिघीच्या जुन्या घरातले. शेती केव्हाच गेली, तिच्या जागी तीन मजले उभे राहिले आणि वरच्या खोल्यांत लातूर-बीडकडची भाडेकरू कुटुंबं आली. तरुणपणी आप्पांनी तालीम केली, पुढे तिथेच पोरांचे वस्ताद झाले. तालीम सुटली, पण हातातलं कसब सुटलं नाही. भोसरीतले लोडिंगवाले पाठीत उसण भरली, खांदा धरला की संध्याकाळी आमच्या दारात हजर. आप्पा तिळाचं तेल कोमट करायचे, अंगठ्याने जागा शोधायचे आणि माणूस ओरडला की खूश व्हायचे. "वरडला म्हंजी जागा घावली," असं वर त्यालाच सांगायचे. मी नवी सून असताना एकदा माझी मान अवघडली. सुनेच्या मानेला सासऱ्याने हात कसा लावायचा? म्हणून त्यांनी सासूबाईंना माझ्यामागे बसवलं आणि स्वतः दाराबाहेर पाठमोरे उभे राहून "आता खाली, अजून खाली" असं सांगत राहिले. मान सुटली. असा भिडस्त माणूस होता तो.

सई सहा वर्षांची असताना दारातल्या टेम्पोच्या फाळक्यावर चढली आणि उजव्या हातावर पडली. बघता बघता कोपर सुजलं. गल्लीतले सगळे आप्पांकडेच बघायला लागले. आप्पांनी त्या कोपराला बोटसुद्धा लावलं नाही. "ह्ये हाड हाय. ह्ये माझं काम न्हाई. दवाखान्यात चला," म्हणाले आणि चप्पलही न घालता रिक्षात बसले. वाटभर तिचा हात उशीवर धरून एकच चाललं होतं, "बोटं हालीव बाळा... बोटं हालीव." त्या दिवशी त्यांनी भलतंसलतं काही केलं असतं तर हात कायमचा गेला असता, असं डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या. म्हणजे आप्पांना समजत नव्हतं असं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून आत तारा घातल्या, वरून प्लास्टर. काही आठवड्यांनी तारा निघाल्या, प्लास्टर निघालं, आणि आतला हात बघून मला रडू फुटलं. वाळून गेलेला, कातडीची सालपटं सुटलेला, काटकोनात अडकून बसलेला. मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला असाच असतो. मुलांचा हात आपोआप मोकळा होतो. फक्त कोणी चोळायचा नाही, कोणी ताणायचा नाही. हात तिचा, तिचा तिनेच हलवायचा. तिला खेळू द्या." आप्पांनी विचारलं, "अन् आमी काय करायचं?" त्या हसून म्हणाल्या, "काहीच नाही, आजोबा. तेच अवघड असतं."

आणि सई खेळत होती. हात हळूहळू सुटत होता, घास तोंडापर्यंत जायला थोडंसंच बाकी होतं. पण येणारं-जाणारं माणूस आधी तिच्या हाताकडे बघायचं आणि मग आप्पांकडे. "काय वस्ताद, दुनियेचे हातपाय सरळ केले, अन् घरची पोर अशी?" कोणी चेष्टेने म्हणायचं, कोणी कळवळून. मी फर्स्ट शिफ्टला, संतोष कामावर, सासूबाई तर आधीच गेलेल्या. दुपारी शाळेतून आलेली सई आणि आप्पा, दोघंच घरात. पुढचं मला सईने फार नंतर सांगितलं. आप्पा दार लोटायचे, तेल कोमट करायचे आणि तिच्या तोंडात आपल्या पंचाचं टोक द्यायचे. "वाघ हाय माझा. दाताखाली धर, वरडायचं न्हाई. आईला आपण एकदम सरळ हात दाखवू." पोर पंचा चावायची आणि ओरडायची नाही. आप्पांवर तिचा एवढा जीव होता की मला ती एका शब्दाने बोलली नाही.

मला दिसलं ते इतकंच, की सुटत आलेला हात पुन्हा आखडायला लागला. कोपर गरम लागायचं. नव्या एक्स-रेवर हाडाच्या पुढे पांढुरका ढग दिसत होता. मॅडमनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कोणी चोळला का?" सई पटकन म्हणाली, "नाही, कोणीच नाही." मी पण तेच म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "म्या चोळला." मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की मार बसलेल्या स्नायूला असं रगडलं की स्नायूतच हाड धरतं. आता ते जिथे धरलंय तिथे हात अडणार. मोठी झाली की पुन्हा ऑपरेशनचं बघू, पण खात्री देता येत नाही. आप्पा त्या ढगाकडे बघत राहिले.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी त्यांना म्हणाले, "पुन्हा माझ्या लेकीला हात लावायचा नाही." सासऱ्यांशी मी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. "न्हाई लावनार," ते म्हणाले. मी बोलले याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. पण त्यांनी ते अक्षरशः पाळलं... डोक्यावरून हात फिरवणं नाही, वाढदिवसाला गालाला हात नाही, रस्ता ओलांडताना बोट धरणं नाही. दारात आलेल्या लोडिंगवाल्यांना "माझं हात गेलं रं बाबांनो" म्हणून परत पाठवायला लागले. संध्याकाळी सई कॉटवर अभ्यासाला बसली की ते शेजारी बसत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिचा हात हनुवटीपाशी अडायचा, मग ती मान खाली घालून तोंडच घासापर्यंत न्यायची. आप्पा ते बघायचे. त्यांचे खांदे आखडायचे, हात मात्र बाहेर यायचे नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मग सईच त्यांना भरवायची, त्याच हाताने. स्वतःच्या तोंडाशी न पोचणारा तो हात आप्पांच्या तोंडापर्यंत बरोबर पोचायचा. ती जवळ सरकली की त्यांचा डावा हात, उरलेला एकच, मांडीखाली जायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. "आप्पा, राहू द्या आता," एवढं म्हणावं असं कितीदा मनात आलं, पण तिची खाली झुकलेली मान दिसायची आणि शब्द जागच्या जागी राहायचे.

तर त्या दिवशी शेवटी सईच पुढे झाली. तिने तो हात सावकाश ओढून काढला, आपल्या उजव्या कोपरावर ठेवला आणि वरून स्वतःचा तळवा दाबून धरला. "आता नाही दुखत, आप्पा," म्हणाली. बायका रडायला लागल्या. मला रडू आलं नाही.

कॉट अजून तिथेच आहे. संध्याकाळी सई तिच्यावर बसून अभ्यास करते, मी शेजारी बसते. मधेच कपाळावर आलेली बट मागे सारायला ती हात उचलते आणि तो तिथेच अडतो, रोज त्याच जागी. थोडंसंच तर राहिलंय, वाटतं. जरा धरून, जरासा जोर दिला तर... आणि मग माझ्या लक्षात येतं, की माझे दोन्ही हात मांडीखाली आहेत.