दहा भागांचा रांजण

पाल्हाळ मला खपत नाही. नांदेडच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं मराठी शिकवतेय, आणि माझ्या लाल पेनानं सगळ्यांत जास्त वेळा काय लिहिलं असेल तर ‘पाल्हाळ टाळा’. वहीच्या समासात, उत्तरपत्रिकेवर, एकदा तर मुख्याध्यापकांनी वाचायला दिलेल्या अहवालावरसुद्धा. त्यामुळे लेकीच्या कपाटातली ती दहा जाडजूड पुस्तकं दिसली की माझ्या कपाळावर आठी चढायची.

अद्भुत कादंबऱ्यांची मालिका होती ती. एका मांत्रिकानं अख्खी नदी रांजणात कोंडून ठेवलेली, आणि एक कुंभाराची मुलगी तो रांजण शोधायला निघालेली. एवढीच गोष्ट. तिसऱ्या भागाच्या शेवटी पोरगी रांजणापाशी पोचते, हातात हातोडा असतो, आणि नेमका तेव्हाच मांत्रिकाला एक भाऊ असल्याचा शोध लागतो. मग आणखी सात भाग. लेक शाळेत असताना नव्या भागासाठी हट्ट करायची आणि वाचून झाला की स्वतःच करवादायची, “आई, ह्या लेखकाला थांबताच येत नाही गं.” पुढं ती डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला लातूरला गेली, वसतिगृहात राहायला. पुस्तकं घरीच राहिली, आणि त्यांच्यासोबत मी. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्याच उन्हाळ्यात आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा डोळा आधीच कामातून गेलेला, म्हणून सगळी भिस्त ह्या एकावर. आई लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. अंगणवाडीत जन्म गेला, त्यामुळे समोरचा माणूस सहा वर्षांचा असो की साठ, त्याला ती सरळ बसायला सांगते. गावच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. माइकसमोर आई बसते, बाकीचे ऐकतात. तिचे नियम ठरलेले. हातात घेतलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, ओळ गाळायची नाही, ते अर्धवट ठेवून मुक्काम हलवायचा नाही, आणि संपलं की खीर करून समापन करायचं. एका वर्षी वाचन चालू होतं म्हणून तिनं सख्ख्या भाचीचा साखरपुडा चुकवला होता. भाची अजून बोलून दाखवते.

शस्त्रक्रिया नांदेडला झाली. डॉक्टरांनी महिनाभर थेंब सांगितले, दिवसातून चार वेळा. धूर नको, डोळ्याला ताण नको, वाचन तर अजिबात नको. आईनं मान डोलावली आणि आठव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली.

“जाते मी आता. दिसायलंय मला.”

“थेंब कोण टाकणार?”

“शेजारीण टाकती की.”

मी ओरडले, विनवलं, डॉक्टरांना फोन लावते म्हणाले. ती चपलेत पाय घालून मोकळी. तेव्हा माझी नजर त्या कपाटाकडे गेली. मी पहिला भाग ओढून काढला, आईला म्हटलं, “दहाची गाडी तर गेलीच, दुपारच्या गाडीला वेळ आहे. तोवर ऐक,” आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला घेतलं. तिच्या नियमानं तिलाच बांधायचं, असा माझा डाव होता. चाळीस पानं झाली तेव्हा तिची दुपारची गाडी गेली होती. मी विचारलं, “मग, ठेवू का अर्धवट?” आईनं माझ्याकडे काळ्या चष्म्यातून बराच वेळ बघितलं. मग चपला काढल्या.

“किती पानं हायत?”

“चारशे ऐंशी.”

“होऊ दे.”

एकूण दहा भाग आहेत, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

सुट्टीचे दिवस होते. सकाळी थेंब टाकले की वाचन, दुपारी गॅलरीत ऊन उतरलं की पुन्हा वाचन. आईला जादूटोण्याचा मनस्वी राग. जन्मभर तिनं गावातल्या बायांना अंगारे-धुपाऱ्यांपासून ओढून काढलेलं. ती पुस्तकाशी भांडत ऐकायची. मांत्रिकानं नदी कोंडली असं आलं की म्हणायची, “मग इतके दिवस टँकर कोण पुरवायलंय त्या गावाला? त्येची चौकशी करा आधी.” उडता घोडा आला की, “त्येला वैरण किती लागती, ते न्हाई सांगत कुणी.” पण कुंभाराच्या पोरीवर तिचा जीव जडला. पोरगी चिखलात पडली की आई पुढं सरकून बसायची. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी, हातोडा हातात असताना पोरगी थबकली, तेव्हा आईनं मांडीवर चापट मारली. “अगं फोड की! कामून थांबलीस? भाऊ असंल न्हाई तर मेव्हणा असंल, तू फोड!”

मी हसत होते, पण मनात दिवस मोजत होते. महिना सरत आला होता. तिसऱ्याशी मालिका संपली असती तर आई दुसऱ्या दिवशी गेली असती. मी चौथा भाग काढून तिच्यापुढं ठेवला. आईनं तो हातात घेऊन त्याचं वजन केलं.

“हे अजून हाय?”

“आहे थोडं.”

“तू तर मला पुरती गुतवलीस,” ती म्हणाली आणि बसली.

मग शाळा उघडली. आता फक्त संध्याकाळ उरली, आणि मी लबाडी सुरू केली. चाळीस पानांच्या जागी वीस, मग पंधरा. आई डुलकीत गेली असं वाटलं की आदल्या दिवशीचंच पान पुन्हा वाचायची. आणि हे लिहायला लाज वाटते, पण काही वेळा मी माझ्या पदरची वर्णनं घातली. डोंगर, ढग, बाजार, त्या बाजारात मांडलेल्या सतरा प्रकारच्या डाळी. ज्या बाईनं पोरांच्या निबंधातले ढग लाल पेनानं खोडले, तीच आता रोज संध्याकाळी आपल्या आईला ढग वाचून दाखवत होती. लेखकाला थांबता का येत नव्हतं, ते मला पाचव्या भागात कळलं. शेवटचं पान उलटल्यानंतर जे रिकामं घर समोर येतं, त्याची मला भीती वाटत होती. मी ठरवलं होतं, आईला जाऊ द्यायचं नाही. आषाढ पौर्णिमाही उलटू द्यायची. एखादं वर्ष नाही वाचलं तिनं विहारात, तर काय बिघडतं?

आई एकदाच म्हणाली, “हे कालचंच वाचायलीस काय गं?” मी म्हटलं, “नाही गं, तसंच दिसतं. पुस्तकच तसलं आहे.” ती पुन्हा भिंतीला टेकून बसली.

जूनमध्ये डॉक्टरांकडे तपासणी झाली. मी औषधं घ्यायला खाली गेले तेव्हा ती आत एकटीच होती. नवा चष्मा मिळाला. रिक्षात मी विचारलं, “वाचायला येतंय का?” तर म्हणाली, “अक्षरं उलीशी हालत्यात अजून.” मला बरं वाटलं. आईच्या डोळ्याला बरं वाटू नये असं मला वाटत होतं, हे किती वाईट आहे, ते त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. विहारातल्या बायांचे फोन यायला लागले, “बाई, औंदा वाचायचं कुणी?” आई फोनवर “बघू” म्हणायची. मी आत कणीक मळत ऐकायची आणि मनात म्हणायची, पाच भाग बाकी आहेत, उचललेलं पुस्तक आई टाकणार नाही.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी पाणी आलं नाही म्हणून तीही लवकर सुटली. मी जिना चढत होते तर आमच्या घरातून आवाज आला. विहारातला, माइकवरचा, खणखणीत. दार लोटलेलं होतं. आई खिडकीशी मांडी घालून बसली होती, नाकावर नवा चष्मा, बोट ओळीवर, आणि एकटीच मोठ्यानं वाचत होती. एक अक्षर अडखळत नव्हतं. मांडीवर दहावा भाग होता.

मी तशीच उभी राहिले. आईनं परिच्छेद पुरा केला, पानात बोट ठेवलं, आणि जराही न ओशाळता म्हणाली, “ये. हात-पाय धू. चा ठेवते.”

“कधीपासून वाचता येतंय तुला?”

“डॉक्टर म्हन्ले त्या दिशी. तू खाली गोळ्या घ्यायला गेलीस तवाच म्हन्ले, वाचा आता, काही हरकत न्हाई.”

“महिना झाला त्याला! आणि अक्षरं हलतात म्हणालीस?”

“तू बी बाजारात सतरा डाळी मांडल्यास की. पाचव्यात कुठं हायत त्या? मी बगितलं शोधून.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “आपण दोघींनी बी चौथं शील मोडलंय. रोज वंदना म्हणायची, खोटं बोलणार न्हाई म्हणायचं, आन् हे असं. मी तर मधले भाग चाळून सोडले. जन्मात पैल्यांदा.”

मला रडू फुटलं. रागाचं होतं की कशाचं, सांगता येणार नाही. मी विचारलं, “तुला जाता येत होतं, तर गेली का नाहीस?”

आई उठली नाही. तिथूनच म्हणाली, “मी आले त्या दिशी तू ओट्यापाशी उभी राहून भाकर खाल्लीस. ताट बी घेतलं न्हाईस. मला वाटलं घाईत असंल. दुसऱ्या दिशी बी तसंच. मला वाढून देतीस आन् स्वतः उभ्यानं. तीन वर्सं तू बसून जेवली न्हाईस, व्हय ना?”

ते खरं होतं. नवरा गेल्यापासून पोरीला वाढायचं आणि आपण ओट्यापाशी दोन घास टाकायचे, ही सवय मला लागली होती, आणि ती सवय आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

“पुस्तक सुरू झालं तशी तू बसायला लागलीस,” आई म्हणाली. “पुढं काय झालं बोलत बोलत बसून जेवायलीस. म्हनून राहिले. मला काय त्या घोड्याचं कवतिक हाय?”

मग तिनं चहा ठेवला. मी तोंड धुऊन आले आणि, का कोण जाणे, तेच विचारलं, “रांजण फुटतो का शेवटी?”

“फुटतो. पर ती न्हाई फोडत. आपसुक तडा जातो त्येला. दहा भाग वाट बघून!” आईला खरोखर संताप आला होता. “तिसऱ्यातच हातोडा होता की तिच्या हातात. एवढी गुणाची पोर, आन् तडा जायची वाट बघत बसली.”

चहा घेता घेता ती एवढंच म्हणाली, “पुनवेला मला वाचायचं हाय. माणसं बसत्यात.”

“मी सोडायला येते,” मी म्हणाले. बोलून गेले आणि मग लक्षात आलं की मला तेच म्हणायचं होतं.

त्याच दुपारी मी शेवयांची खीर केली. आई म्हणाली, ज्यानं वाचलं त्यानं समापन करायचं. मी तिसरा भाग काढला, शेवटचं पान उघडलं. पोरगी रांजणासमोर उभी होती, हातोडा उगारलेला. मांत्रिकाच्या भावाच्या चार ओळी मी लाल पेनानं खोडल्या, खाली लिहिलं, ‘तिनं रांजण फोडला. नदी निघाली,’ आणि तेवढंच आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिच्या पुस्तकावर लाल पेन चालवलं, अशी लेकीला फोन करून कबुलीही दिली. ती म्हणाली, “त्या लेखकाला थांबता येत नाही, मी केव्हाचं सांगत होते.”

पौर्णिमेला आम्ही लातूरमार्गे गावी गेलो. आई माइकसमोर बसली, समोरच्यांना सरळ बसायला सांगितलं, आणि नव्या डोळ्यानं पहिलं पान वाचलं. मी शेवटच्या ओळीत बसून ऐकलं. इतक्या माणसांची संध्याकाळ मी एकटीच्या घरात डांबायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून मी सकाळीच परतले. संध्याकाळी घरात आवाज नव्हता. मी पिठलं-भाकरी केली, ओट्यापाशी उभी राहून पहिला घास मोडला, आणि फोन वाजला. विहारातलं वाचन नुकतंच सुटलं होतं, मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

“जेवलीस का?” आईनं विचारलं.

“जेवायलेय.”

“बसून?”

मी घास खाली ठेवला. ताट काढलं, त्यात भाकरी घेतली, पिठलं वाढलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि जिथं ती बसायची तिथं, खिडकीशी, मांडी घालून बसले. फोन कानाला तसाच होता, आणि आईनंही तिकडं तो ठेवला नव्हता.

“हाव,” मी म्हणाले. “बसून.”