कासवाचा धडा

दहिसरच्या आमच्या मराठी शाळेत माझी खोली जिन्याखाली आहे. पूर्वी तिथे लेझीम आणि ढोल ठेवायचे, आता मी बसते. डोकं चांगलं असूनही ज्यांना वाचता येत नाही, अक्षरं ज्यांच्या डोळ्यांसमोर धड उभी राहत नाहीत, अशी पोरं माझ्याकडे येतात. बाकीची पोरं या खोलीला ‘ढ वर्ग’ म्हणतात. माझ्या कानावर आलं की मी तिथल्या तिथे झापते, पण पोरांना झापून काय होणार? घरी मोठी माणसंच तसं बोलत असतात.

त्यातलीच एक पोरगी तिसरीत होती. बोलायला लागली की थांबायची नाही. ‘बाई, आज डब्यात काय? बाई, तुमची साडी नवीन ना?’ सगळ्या आरत्या तिला तोंडपाठ. गणपतीत चाळीतल्या मोठ्यांची गाडी अडली की हिला पुढे करायचे. घरी पाहुणे आले की ‘म्हणून दाखव गं’ ठरलेलंच. आपल्याकडे पाठांतर आलं म्हणजे पोर हुशार, विषय संपला. त्यामुळे हिला वाचता येत नाही हे मी सांगितलं तेव्हा तिचे बाबा माझ्यावरच उखडले. ‘जिला एवढं पाठ होतं ती मठ्ठ कशी हो? आमच्या घराण्यात असा कोण नाय.’

मठ्ठ हा शब्द मी काढलाच नव्हता. कप्पाळ! भिंतीला सांगितलं असतं तर बरं. शेवटी तिच्या आईने गळ घातली तेव्हा ते तिला माझ्याकडे पाठवायला कसेबसे तयार झाले. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले, मग एकदा शाळेत येतो, पोरगी माझ्यासमोर वाचून दाखवू दे.

आम्ही परातीत रवा पसरून सुरुवात केली. बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने म्हणायचं, पुसायचं, परत काढायचं. ‘भ’ आणि ‘म’ने तिचा जीव खाल्ला. रडायची, मला म्हणायची, ‘तुमचा रवाच खराब आहे.’ आणि एक दिवस तिने चिठ्ठीवरचा ‘बटाटा’ वाचला. आधी अडखळत, मग सलग. बाकावरून उडी मारून म्हणाली, ‘बाई, हे मला कुणी सांगितलं नाही हं! हे मीच!’ मी तिला जवळ घेतलं. तिने वाचलेला तो पहिला शब्द होता. त्यानंतर तिचं छोटं छोटं वाचन सुरू झालं. पण धडाबिडा अजून लांब होता. या वयात घट्ट धरून ठेवलं तर ही पोर वाचणार होती, याची मला खात्री होती. हात सोडला तर पुढे पुस्तकं जाड होत जातात आणि ही मागे मागे राहते. अशी कितीतरी मी बघितली आहेत.

दिवाळीनंतर बाबा आले. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. आई मागे उभी. मी म्हटलं, आपण सोप्या शब्दांपासून सुरू करू. तेवढ्यात आईच म्हणाली, ‘नको, कासवाचा धडा वाचेल ती.’

आणि तिने वाचला. खणखणीत, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून. बाबा आधी खुर्चीच्या टोकावर बसले होते, मग मागे टेकले, मग त्यांचे डोळे भरून आले. मी मात्र तिच्या बोटाकडे बघत होते. बोट वरच्या ओळीत आणि आवाज केव्हाच खाली पोचलेला. पान संपलं तरी ती बोलतच राहिली, पुढच्या पानावरची वाक्यं म्हणाली, मग आठवण झाली तसं पान उलटलं.

मी दुसरं पान उघडून तिच्यासमोर धरू शकले असते. पण बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि ती अशी काही फुलली होती की माझा हातच पुढे झाला नाही. तिला म्हटलं, जा बाळा, पाणी पिऊन ये. ती गेल्यावर मी बाबांना स्पष्ट सांगितलं, हा धडा तिने पाठ केलाय, वाचलेला नाही.

‘म्हणजे माझी पोरगी नाटक करते?’

‘नाटक नाही हो. तिच्या आईला विचारा.’

आईने नवऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘वाचते ती.’

झालं. बाबा उठले, पण चिडून नाही, हात जोडून. ‘बाई, तुमचे उपकार आहेत. पोरगी सुधारली. आता तिला वर्गातच बसू दे. मलाही लवकर वाचता यायचं नाही, मार खाल्ला आणि शिकलो. ढ वर्गाचा शिक्का तिला नको.’ माणूस वाईट नव्हता, त्याचाच तर मला संताप येतो. वाईट असता तर मी भांडले असते. तरी मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले, अजून एक वर्ष द्या म्हणाले. ते हसले. ‘तुम्हाला पोरं कमी पडतात काय?’

ते पुढे निघून गेल्यावर आई मागे राहिली. तिने माझा हात घट्ट धरला. ‘मीच रोज भाकऱ्या करताना तिच्याकडून घोकून घेतलं, बाई. मला वाटलं, फरक दिसला तर हे खूश होतील आणि तिला तुमच्याकडे पाठवत राहतील. आता खरं सांगितलं तर तिला आणि मला दोघींनाही…’ लेकीसाठीच केलं होतं तिने.

मुख्याध्यापिकांकडे गेले, आदळआपट केली. पालकांच्या संमतीशिवाय मुलाला वर्गातून काढून माझ्याकडे पाठवता येत नाही, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मला काय माहीत नव्हतं?

मंगळवारी तिच्या वेळेला ती दारात हजर. चप्पल काढून आत यायला निघाली. मी आडवी उभी राहिले आणि म्हटलं, आजपासून तू वर्गातच बसायचंस.

‘का?’

‘बाबांनी सांगितलंय.’

‘पण मी एकपण चूक केली नाही ना? आई म्हणाली होती, एकपण चूक केली नाहीस तर बाबा तुला बाईंकडे पाठवतील. मग माझं काय चुकलं?’

‘काही नाही गं राणी,’ मी म्हटलं. ‘तुझं काही चुकलं नाही.’

तिचा विश्वास बसला नाही. मी तिला हाताला धरून वर्गात सोडून आले. तिथे नव्या धड्याचं वाचन चाललं होतं, आणि ती पुस्तक उघडून माझ्याकडेच बघत बसली.