मिस लिलीला सुनावलं, त्याचं काय झालं

चहा घ्या आधी. साखर कमी वाटली तर आत्ताच मागून घ्या, कारण एकदा मी बोलायला बसले की मधी उठत न्हाई. आमच्या सोनपेठात माझं तोंड सगळ्यांना माहीत हाय. सासूशी भांडले, जावेशी भांडले, एसटीच्या कंडक्टरशी तर दर फेरीला भांडते. कुठंच हरले न्हाई. हरले ते एका म्हातारीपुढं, जिला मी उभ्या जन्मात समोरासमोर पाहिलं न्हाई. आन् फजिती अशी झाली की अजून बाया दळण घेऊन येतात आन् माझ्याकडं बघून पदरात हसतात.

आमची पिठाची गिरणी हाय. मालक, म्हणजे आमच्या घरचे, दत्तराव, दिवसभर गिरणीत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. स्वभावानं देवमाणूस, कधी हात उगारला न्हाई, दारूच्या वाटेला गेले न्हाईत. एकच खोड. मिस लिली.

आता तुम्ही लहान असाल तर तुम्हाला ती माहीत नसणार. कॅसेटीच्या काळात ही बाई डिस्को गाणी म्हणायची. चमचम कपडे, केस असे पिंजारलेले, एक पाय पुढं टाकून उभी. परभणीला एकदा तिचा कार्यक्रम झाला होता म्हणे. मालक तवा पोरसवदा. गर्दीत इतके मागं उभे होते की त्यांना तिचा निस्ता कोपर दिसला. त्या कोपरावर ह्या माणसानं जिंदगी काढली.

मी लग्न होऊन आले तर घरात भांडी कमी आन् कॅसेटी खोकंभर. गिरणीत महादेवाचा फोटो, त्याच्या बाजूला हिचा फोटो. उदबत्ती एकच लावायचे, पण धूर दोघांकडं जायचा. मी म्हणलं, "हा फोटो कामून इथं?" तर म्हणले, "अगं, कलाकार हाय ती." मी काय मंग चिंचेचं झाड हाय का?

पुढं ती बाई गायबच झाली. गाणं न्हाई, फोटो न्हाई, कुठं गेली कोणाला पत्ता न्हाई. कोणी म्हणायचं परदेशात गेली, कोणी म्हणायचं वारली. वारली म्हणल्याच्या दिवशी मालक जेवले न्हाईत. मी वरून हळहळले, पण खरं सांगू का, माझ्या जिवाला जरा थंड वाटलं. मेलेल्या माणसावर काय जळायचं? त्या दिवशी मी तिच्या फोटोवरचं पीठ सुद्धा पुसलं.

आन् मंग एका बाजाराच्या दिवशी, गिरणीत बायांची ही गर्दी, डब्याला डबा लागलेला, तवा आमचे सलीमभाई मोबाईल नाचवत आले. हे घड्याळाच्या दुकानवाले. मालकासारखेच लिलीचे वेडे. दोघांनी मिळून चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय आन् मालक त्याचे प्रमुख.

"दत्ताभाई, गिरणी बंद करो. बाई जिंदी हाय. इंटरव्ह्यू आलाय."

आन् मालकानं खटका ओढला की हो. बाजाराच्या दिवशी. अर्धं ज्वारीचं पीठ जात्यात, अर्धं डब्यात, आन् हा माणूस खुर्चीवर जाऊन बसला. बाया म्हणायल्यात, "अहो दादा, आमचं दळण," तर म्हणले, "थांबा माय, माणूस जिवंत निघालंय."

मी बी मागून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बघायचंच होतं. तर काय, पांढरेशुभ्र केस, ते पण कापलेले. डोळ्यावर काळा चष्मा. मांडीवर मांजर. आन् ओठ? लालभडक, पिकल्या तोंडल्यावाणी. एका पोरानं विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही लोकांसमोर का आला नाहीत?" ती म्हणाली, "कंटाळा आला होता. घरी बसावंसं वाटलं, बसले."

मालक म्हणले, "बघा, किती साधी बाई हाय."

मी म्हणलं, "मी बी घरीच बसलीय. माझा घेतला का कोणी इंटरव्ह्यू?" कोणी लक्ष दिलं न्हाई.

शेवटी त्या पोरानं दोन ओळी म्हणायला लावल्या. आवाज कसला, गिरणीचा पट्टा घसरल्यावर येतो तसला. आन् मालक रडायला लागले. हुंदके देऊन. गालावर पीठ होतं, त्यात पाणी, सगळा कणकीचा गोळा झाला. म्हणतात कसे, "आवाज अजून तस्साच हाय."

माझं काळीज जळून कोळसा झालं बघा. मागच्या थंडीत माझा घसा सुजून आवाज बसला होता, तवा हेच गृहस्थ सलीमभाईला म्हणले होते की घरात कशी शांतता हाय. मी दवाखान्यात सलाईनला पडले, तर डबा ठेवून गिरणीवर गेले. इतका संसार झाला, ह्या माणसाच्या डोळ्यात माझ्यासाठी टिपूस आलेलं मी पाहिलं न्हाई. मला काय साडी पाहिजे होती? गाडी पाहिजे होती? एकदा माझ्याकडं तसं बघावं, एवढंच पाहिजे होतं. आन् ते एका मांजरवालीला फुकट मिळालं.

दुपारी मालक मोबाईल घरात चार्जिंगला लावून बाजारात गेले. लिली जिवंत निघाली म्हणून पेढे आणायला. मी मोबाईल घेतला. त्या इंटरव्ह्यूखाली सगळ्या चाहत्यांनी लिहिलेलं, सलीमभाईंनी सकाळी वाचून दाखवलं होतं. कोणी देवी म्हणायलंय, कोणी महाराणी म्हणायलंय. म्हणलं, थांब, तुला कोणीतरी खरं सांगायला पाहिजे.

मला टाईप करता येत न्हाई, पण माईकचं बटन दाबून बोललं की मोबाईल आपोआप लिहितो. राणीसावरगावच्या माझ्या बहिणीला मी तसेच मेसेज पाठवते. चष्मा गिरणीत राहिला होता. म्हणलं, चष्मा कशाला, बोलायचं तर हाय. बोलले. मधी आमची बकरी चांदणी चुलीपाशी घुसली, तिला हाकललं. बाण दाबला. गेलं.

काय सांगू तुम्हाला, जिवाला असं हलकं वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. मालकानं आणलेला पेढा बी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गर्दी. मी डबे लावायले. तर सलीमभाई आले, तोंड उतरलेलं. "दत्ताभाई, ये क्या लिखे तुम? सारी दुनिया शिव्या द्यायलीय तुमाला. ग्रुपमधून तुमाला काढून टाकले."

"मला? मी कुठं काय लिहिलं?"

"तुमारेच नाव से हाय. तुमचा फोटो हाय. ये देखो, दत्तराव गिरणीवाले."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोबाईल मालकाचा, तर नाव बी मालकाचंच पडणार की. मला वाटलं होतं, मी बोलले तर माझंच जाईल. मी गुपचूप मागच्या दारानं सटकायला निघाले, पण सलीमभाईंनी मोठ्यानं वाचायला घेतलं. भर गिरणीत, गिरणी बंद, सगळ्या बायांचे कान टवकारलेले. आन् मला काय माहीत, मी बोलायचं थांबले तरी तो माईक थांबला नव्हता.

"बाई तुमचं वय झालं आता," सलीमभाई वाचायलेत, "केस पांढरे आन् ओठ लाल, हे काही शोभत न्हाई. आवाज बी गेला. घरी बसला होता तर बसूनच राहायचं होतं. ए चांदणी, हो मागं, भाकरीला तोंड लावू नको, मुडदा बसविला तुझा." सलीमभाई थांबले. "दत्ताभाई, ये चांदणी कोण?"

कोण काय कोण. सगळ्या गल्लीला माहीत हाय चांदणी कोणाची बकरी ते. सगळ्या बाया एकदम माझ्याकडं वळल्या. मी ज्वारीचा डबा उघडून आत बघत बसले.

सलीमभाई बिचारे वाचतच राहिले. "बघा, सगळ्यांचे लाड ह्या घरात, मलाच तेवढं कोणी विचारीत न्हाई. त्या सटवीसाठी डोळ्यातून पाणी काढतो, मी दवाखान्यात पडले तवा डबा ठेवून गिरणीवर गेला. ह्या माणसानं एकदा माझ्यासाठी रडून दाखवावं, मी मरायच्या आधी."

एका बाईनं "अगं माय" म्हणलं. मालक माझ्याकडं बघायलेत, मी डब्यात बघायले. मंग मालकानं खटका दाबला आन् गिरणी सुरू केली.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला मला उत्तर देता येतं. हा माणूस दोन दिवस गप. जेवायला वाढलं तर जेवायचे, ताट उचलायचे आन् जायचे. मी म्हणलं, "काढून टाका की ते." तर नुसते म्हणले, "सगळ्यांनी वाचलं आता." मला भीती ही, की ग्रुप गेला, अब्रू गेली, आता हा माणूस मला काही माफ करत न्हाई. त्या लिलीच्या नादात माझं होतं ते बी घालवून बसले मी.

आन् तिसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूवाल्या पोराचा मेसेज आला. मॅडमना तुमच्याशी बोलायचंय, नंबर पाठवा.

सलीमभाई म्हणले, "केस करते बाई." मालकानं अंघोळ केली, लग्नकार्यातला सफारी चढवला आन् मोबाईल पाटावर ठेवून त्याच्यापुढं बसले. "मॅडम, माफी असावी, घरगुती कारणानं चूक झाली," असं पुटपुटत पाठ करायलेत. मला वाटलं, आता दोघं मिळून माझा उद्धार करणार. पण मी बी तिथून हलले न्हाई. म्हणलं, बोलू तर दे काय बोलते ती.

फोन वाजला. सलीमभाईंनी स्पीकर लावला.

"मॅडम," मालक म्हणले, "मी दत्तराव, सोनपेठहून. माफी असावी, घरगुती..."

"तुम्ही नाही," पलीकडून आवाज आला. "बकरीवालीला द्या."

मालकानं मोबाईल माझ्या हातात दिला. त्या माणसाचं तोंड तवा बघवत नव्हतं हो. सगळ्या जन्मात एकदा देव दारात आला आन् म्हणला, तू सरक, शेजारणीला बोलव.

"ओठ लाल शोभत नाहीत म्हणालीस तू?"

आता माझं तोंड सगळ्या सोनपेठाला माहीत हाय ना? ते कुठं गेलं काय की. मी म्हणलं, "न्हाई मॅडम, म्हणजे, तुम्ही गोऱ्या हायत, तुम्हाला जरा विटकरी चांगला दिसंल."

"विटकरी," ती म्हणाली. "बरं. लावून बघते. आणि चांदणीनं भाकरी खाल्ली का शेवटी?"

"खाल्ली. टोपल्यासकट."

ती हसली. काय हसली म्हणता, मला बी हसू आलं. म्हणाली, "सगळ्यांनी देवी लिहिलंय गं. देवीशी काय बोलायचं असतं? माझ्याशी भांडायला किती वर्षांत कुणी आलं नव्हतं. रविवारी करू का फोन?"

मी म्हणलं, "करा."

तवापासून रविवारी तिचा फोन यायला लागला. मला. गुडघ्याला काय लावायचं, मांजर खात न्हाई तर काय करायचं, असं सगळं बोलतो आमी. आन् मालक? रविवारी उंबऱ्यावर बसतात आन् पुसलेला चष्मा परत परत पुसतात. फोन ठेवला की विचारतात, "माझं काही विचारलं का?" मी म्हणते, "न्हाई." विचारलेलं असलं तरी म्हणते. किती वर्षं मी जळले, जरा तुम्ही जळा की.

एकदा फार काकुळतीला येऊन म्हणले, "तिला तेवढं विचार ना, परभणीचा कार्यक्रम आठवतो का." मी विचारलं. तिला परभणी आठवंना. कुठं हाय ते, म्हणाली. मी फोन ठेवला आन् मालकाला सांगितलं, "आठवतो म्हणाली. लोक लय प्रेमळ होते म्हणाली, मागं उभे राहणारे बी." मालक माझ्याकडं बघत राहिले आन् डोळे भरून आले त्यांचे. मला पाहिजे होतं तसंच बघितलं बघा त्यांनी माझ्याकडं. आता ते पाणी माझं का तिचं, ह्याचा हिशोब मी केला न्हाई. घेतलं पदरात.

इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं. पण मागच्या रविवारी तिचा फोन आला न्हाई. मी वाट बघून बघून स्वतःच लावला, तर लागंना, दुसऱ्या कोणाशी बोलायली म्हणे. मी भाजी करपवली. उन्हं उतरल्यावर फोन आला. "अगं, बोरी गावच्या एका बाईशी बोलत होते. तिनंही काय काय लिहिलंय माझ्याबद्दल. काय भांडते ती! तुझ्यापेक्षा जोरात." आन् हसली. तस्संच हसली, जसं माझ्याशी हसती.

मी बरं म्हणलं आन् फोन ठेवला. मालकाला म्हणलं, त्या बोरीवालीनं काय लिहिलंय काढा बरं. त्यांनी काढून वाचलं. काही न्हाई हो त्यात, निस्त्या शिव्या. ना आगा ना पीछा. साधी बकरी सुद्धा न्हाई. असल्या बाईशी काय बोलायचं असतं एवढं? मी चुलीपुढं बसले आन् मला रडूच आलं. म्हातारपणी, एका मांजरवालीसाठी.

मालक उठून आले. मला वाटलं, आता हा माणूस हसणार, सगळा सूड काढणार. त्यानं काय केलं? "सरक जरा," म्हणले, आन् माझ्याशेजारी पाटावर बसले. पिठाच्या हातानं माझी पाठ थोपटली.

"पहिल्यांदा लय लागतं जिवाला," मालक म्हणले. "मंग सवय होते."