कोंबडं कमी पडलं का?

सादिक मास्तर मूळचे कळंबचे. उमरग्याजवळच्या गावात निजाम सरकारने शाळा काढली, तिथे ते एकटेच शिकवत. गावाने त्यांना डोक्यावर घेतले होते. कुणी तुपाचा गडू आणी, कुणी हुरडा. ज्ञानोबा पाटलाचे तर सणासुदीला कोंबडे ठरलेले, आणि तेही चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात द्यायचे. पण ज्वारी दाण्यात आली की हीच माणसे पोरांच्या हाती गोफण देत आणि पाखरे राखायला रानातल्या माळ्यावर चढवत. मास्तर रिकाम्या तरटापुढे बसून राहत. मान कसला, तोंड बंद ठेवायची लाच ती! त्यांना त्या कोंबड्यांची शिसारी आली होती.

त्या वर्षी तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब तपासणीला यायचे होते. पोरे दिसली नाहीत तर शाळा बंद, असा हुकूम होता. मास्तर दारोदार फिरले. "एक दिवस पोरं पाठवा. दुसरं काही नको मला."

"काळजी सोडा, मास्तर," पाटील हसला. "लई थाटात करू."

थाट झालाच. दाराला तोरण, साहेबांना फेटा, चुलीवर रस्सा रटरटत होता. पोरे तेवढी रानात होती.

तेवढ्यात कडूबाई लेकीला, महानंदाला, घेऊन आली. ती विधवा, तुकडाभर रान एकटीने कसणारी. तिने बोलायला तोंड उघडले, तर घशातून नुसती घरघर.

"आयचा घसा माळ्यावर वरडून वरडून बसला," महानंदा म्हणाली. "मला म्हनली, पाखरं म्या बघते, तू मास्तरांकडं जा."

मास्तरांचे डोळे भरून आले. असे काही गावाने त्यांना कधी दिलेच नव्हते.

महानंदाने धडा न अडखळता वाचला. साहेबांनी शाबासकी दिली, रस्सा ओरपला आणि एका पोरीवर शाळा चालत नाही म्हणून टाळे ठोकून गेले.

संध्याकाळी पाटील बगलेत कोंबडे धरून मास्तरांच्या दारात हजर. "एवढं करून असं कसं वो झालं? कोंबडं कमी पडलं का?"

मास्तरांनी त्याच्या तोंडावर दार लावले.

दुसऱ्या दिवशी कडूबाईच्या रानात महानंदा माळ्याखाली मोठ्याने वाचत होती. शेजारी कडूबाई घशाला आराम देत ऐकत बसली होती. आणि वर सादिक मास्तर गोफण घेऊन, पाटलाच्या वाड्याकडे तोंड करून, घसा बसेपर्यंत ओरडत होते.